ॲडजस्टेबल शॉक: आधी मोजा, मग नॉब फिरवा

शॉक (शॉक ॲब्सॉर्बर) सेट करून घ्यायला आलेला जवळजवळ प्रत्येक जण गाडीतून उतरता उतरता एकच विचारतो, "किती क्लिक ठेवायचे?" म्हणजे शॉक कडक-मऊ करायचा नॉब किती खाचा फिरवायचा. मी शॉक डायनोवर, म्हणजे शॉक वरखाली करून त्याचा जोर मोजणाऱ्या यंत्रावर काम करते, ट्रॅकवरही गाड्यांबरोबर असते, आणि या प्रश्नाला आकड्यात उत्तर देत नाही. देताच येत नाही. एकाच मॉडेलचे, एकाच खोक्यातून निघालेले दोन शॉक दहाव्या क्लिकवर ठेवून डायनोला लावा. दोघांचा जोर सारखाच येईल याची खात्री कोणी देणार नाही. तेलाची वाट कमी-जास्त करणाऱ्या सुईच्या टोकात, तेल अडवणाऱ्या पातळ चकत्यांच्या (शिमच्या) जाडीत, आतल्या गॅसच्या दाबात किंचित फरक असला तरी पुरतो. नॉबवरचा आकडा फक्त नॉब किती फिरला ते सांगतो. शॉक काय करतोय हे बघायचं तर शॉकच तपासावा लागतो.

म्हणून खाली लिहिलंय त्यातला निम्मा भाग नॉबला हात लावण्याआधीचा आहे. ज्याला घाई आहे त्याने निदान तो तरी वाचावा.

शॉक कधी काम करतो

स्प्रिंग किती दाबली गेली यावर तिचा जोर ठरतो. शॉक किती वेगाने हलतोय यावर त्याचा. दारावर बसवलेला हायड्रॉलिक क्लोजर आठवा: दार आपल्या गतीने मिटू दिलं तर काही जाणवत नाही, घाईने ढकलून लावायला गेलात की ते हाताला अडतं. शॉकमध्येही तेल बारीक वाटांतून ढकललं जातं आणि हालचालीतली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते.

यातून एक गोष्ट लगेच निघते. लांब, एकसारख्या वळणात गाडी एकदा कलून स्थिर झाली, रस्ता गुळगुळीत आहे, स्टिअरिंग आणि थ्रॉटल हलत नाहीत, तर शॉकचा दांडा जवळजवळ थांबलेला असतो. तेव्हा तो काहीच करत नाही. गाडी तिथे पुढून बाहेर जात असेल तर नॉब फिरवून उपयोग नाही. तो प्रश्न स्प्रिंगचा, अँटी-रोल बारचा (डावी-उजवी चाकं जोडून गाडीचं कलणं कमी करणारा दांडा), टायरचा किंवा अलाइनमेंटचा (चाकांच्या कोनांचा) आहे. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच तक्रारी इथेच संपतात.

दुसरा गोंधळ 'लो स्पीड' आणि 'हाय स्पीड' या शब्दांचा. हा वेग गाडीचा नाही, शॉकच्या दांड्याचा. गाडी कलणं, ब्रेकवर नाक खाली जाणं, थ्रॉटलवर मागून बसणं या सगळ्या हालचाली ढोबळमानाने सेकंदाला ५० मिलिमीटरच्या आत होतात. कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या उंच कडेवर चाक चढलं, खड्डा लागला की दांडा २०० च्या पुढे जातो. मधल्या पट्ट्यात दोन्हींची सरमिसळ असते. सपाट सरळ रस्त्यावर ताशी २०० ने जाणाऱ्या गाडीचे शॉक लो स्पीडमध्ये असू शकतात, आणि ताशी ३० ने खड्ड्यात गेलेल्या गाडीचे हाय स्पीडमध्ये.

चाक वर येऊन शॉक दाबला जातो तो बंप, परत लांब होतो तो रिबाउंड. एकच नॉब असलेल्या शॉकमध्ये तो बहुतेक वेळा रिबाउंडचा असतो, काहींत दोन्ही एकदम बदलतात. टू-वेमध्ये दोन वेगळे असतात. थ्री-वेमध्ये बंपचे लो आणि हाय असे दोन भाग पडतात, फोर-वेमध्ये रिबाउंडचेही. तुमचा नॉब नेमकं काय बदलतो ते माहितीपुस्तिकेत बघा, आणि जमलं तर डायनोवरही बघा, कारण एकाला हात लावला की दुसराही थोडा हलतो असे शॉक पुष्कळ आहेत.

गाडी आधी सरळ करा

टायरचा दाब, उंची, कॉर्नर वेट (प्रत्येक चाकावर पडणारं वजन), अलाइनमेंट, स्प्रिंग, बार, आणि मग शॉक. हा क्रम मी कोणासाठीच मोडत नाही. कॉर्नर वेट घेताना अँटी-रोल बारची लिंक एका बाजूने सोडा आणि ड्रायव्हरच्या वजनाइतकं वजन सीटवर ठेवा. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजू नका. ती थोडी पुढेमागे ढकला, चारही कोपरे दाबून सोडा, मग ती आपल्या उंचीवर बसते.

सस्पेन्शनचे रबरी बुश असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर, आपल्या उंचीवर उभी असताना कसा. गाडी हवेत असताना आवळले की बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतात आणि स्वतःच स्प्रिंगसारखे वागायला लागतात. मग शॉकच्या नावाने बोटं मोडत बसायचं. वरच्या माउंटचं बेअरिंग हाताने फिरवून बघा, दांड्यावर ओरखडे किंवा तेलाचा ओला पट्टा आहे का ते बघा. दांडा किंचितही वाकलेला असेल तर पुढचं सगळं काम वाया जातं.

बंप स्टॉपकडे, म्हणजे शॉक पूर्ण दाबला जाताना शेवटी टेकतो त्या रबरी ठोकळ्याकडे, बहुतेकांचं लक्षच जात नाही. उंची कमी केलेल्या गाडीत शॉकचं शरीर आणि बंप स्टॉप यांच्यात बोटभरही जागा उरत नाही कधी कधी. वळणात गाडी त्यावर टेकली की त्या कोपऱ्याचा ताठपणा एका क्षणात कितीतरी पट होतो आणि ते चाक ग्रिप सोडतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं शॉक कडक आहेत.

अंदाजे किती डॅम्पिंग हवं

थोडं गणित करूनच घ्या. गाडीच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगवर पेललेलं वजन ३०० किलो आहे आणि चाकापाशी मोजलेला स्प्रिंगचा ताठपणा दर मिलिमीटरला ६० न्यूटन, म्हणजे दर मीटरला ६०,००० न्यूटन. या दोन्हींच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढून दोनाने गुणलं की क्रिटिकल डॅम्पिंग मिळतं: सुमारे ८,४८५ न्यूटन-सेकंद प्रति मीटर. एवढं डॅम्पिंग असलं तर दाबून सोडलेली गाडी जरासुद्धा न उसळता आपल्या जागी परत येईल. ते प्रत्यक्षात कोणाला नको असतं. रोजच्या वापराच्या गाड्या याच्या साधारण २० ते ३० टक्क्यांवर असतात. ट्रॅकच्या गाडीला लो स्पीडमध्ये मी ६५ टक्क्यांपासून सुरुवात करते. आपल्या उदाहरणात ते सुमारे ५,५१५ येतं, म्हणजे चाक सेकंदाला १०० मिलिमीटरने हलताना चाकापाशी साधारण ५५० न्यूटन जोर.

आता इथे लोक घसरतात. शॉक चाकाइतका हलत नाही. चाक १० मिलिमीटर वर आल्यावर शॉक ७ च दाबला जात असेल तर मोशन रेशो ०.७. तेव्हा चाकाच्या १०० मिलिमीटर वेगाला शॉकचा वेग ७० च असतो, आणि चाकापाशी ५५० न्यूटन मिळायला शॉकला सुमारे ७९० न्यूटन द्यावे लागतात. डायनोच्या आलेखावर बघायचा बिंदू हा: ७० मिलिमीटर प्रति सेकंदाला ७९०. मोशन रेशो दोनदा लागतो, एकदा वेगाला आणि एकदा जोराला. गाडी जॅकवर घेऊन, स्प्रिंग काढून, पट्टीने चाक आणि शॉक दोन्ही मोजा. नेटवरून उचललेला आकडा वापरू नका, दुसऱ्याच्या गाडीत वेगळे आर्म असू शकतात.

हा जोर म्हणजे बंप आणि रिबाउंडची सरासरी धरा. रिबाउंड जास्त, बंप कमी अशी विभागणी करा, आणि हाय स्पीडमध्ये दोन्ही आलेख सपाट होत गेलेले बरे, नाहीतर कर्बवर गाडी फुटबॉल होते.

डायनोवर

क्रँक डायनोमध्ये मोटर शॉकला ठरलेल्या स्ट्रोकने वरखाली करते. स्ट्रोक ५० मिलिमीटर ठेवून मिनिटाला १०० फेऱ्या दिल्या तर दांड्याचा सर्वाधिक वेग सेकंदाला साधारण २६२ मिलिमीटर येतो. गाडी सांभाळणाऱ्या हालचाली बघायला एवढा पुष्कळ आहे. मी २५, ५०, ७५, १००, १५०, २०० आणि २५० वर जोर लिहून घेते. बहुतेक जण थेट २५० चा आकडा विचारतात, पण गाडीचं वागणं ठरतं ते डावीकडच्या त्या पहिल्या दोन-तीन बिंदूंवर.

मोजण्याआधी गॅसचा जोर शून्य करून घ्यायचा. दांडा १४ मिलिमीटर जाडीचा आणि आत १५ बार दाब असेल तर गॅस एकटाच दांड्याला सुमारे २३० न्यूटनने बाहेर ढकलत असतो. तो वजा केला नाही तर बंप उगाच जास्त आणि रिबाउंड कमी दिसतो. आणि शॉक गरम करून घ्या. थंड तेल घट्ट असतं, पहिल्या काही स्ट्रोकचे आकडे फेकूनच द्यायचे. मी प्रत्येक शॉक एका ठरावीक तापमानाला आल्यावरच मोजते. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत ॲल्युमिनियमवर धरला तर तो तापमान बरंच कमी दाखवतो, म्हणून शॉकच्या अंगावर काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावून ठेवायचा आणि कायम त्यावरच नेम धरायचा.

मग वेग आणि जोर यांच्या आलेखापेक्षा मी आधी जागा आणि जोर यांचा आलेख बघते. तो एका बंद, गुबगुबीत वळशासारखा दिसतो. निरोगी शॉकचा वळसा कडेने गुळगुळीत असतो. मागे एका गाडीचा मागचा डावा शॉक लावला होता. हाताने दाबून सगळ्यांनी "ठीक आहे" म्हटलेला. स्क्रीनवर वळसा दिशा बदलायच्या जागी एकदम आत गेलेला दिसला: दांडा काही मिलिमीटर नुसताच सरकतोय, जोर शून्याजवळ, आणि मग अचानक पकडतोय. आत तेलात हवा मिसळली होती, गॅसचा दाब गेला होता. त्या गाडीच्या मालकाने त्याच बाजूचा नॉब कडक करत करत शेवटाला नेऊन ठेवला होता. मोकळा सरकणारा तो तुकडा नॉबने भरून निघत नाही.

त्यानंतर नॉबची परीक्षा. पूर्ण बंद (सगळ्यात कडक), मग दोन-दोन क्लिक उघडत जाऊन प्रत्येक ठिकाणी जोर. हा तक्ता हाती आला की बऱ्याच जणांचा चेहरा बघण्यासारखा होतो. सुईच्या ॲडजस्टरमध्ये बंद टोकाकडचे पहिले काही क्लिक खूप काही करतात आणि मोकळ्या टोकाकडचे जवळजवळ काहीच नाही. म्हणजे विसाव्या क्लिकवरून सोळाव्यावर आलात तर गाडीला पत्ताही लागणार नाही, आणि चौथ्यावरून दुसऱ्यावर गेलात तर ती वेगळीच गाडी होईल. रिबाउंडचा नॉब फिरवताना बंपची रेघ किती सरकते तेही याच तक्त्यात दिसतं.

डावा-उजवा फरक मी पाच टक्क्यांच्या आत मागते. त्याहून जास्त असेल तर आधी क्लिकने जुळवून बघायचं: डावा आठवर, उजवा नऊवर, आणि आलेख एकावर एक. क्लिक वेगळे असले तरी चालतं. जुळतच नसेल तर शॉक उघडावा लागतो. तो घरी उघडू नका. आत दाबाखालचा नायट्रोजन असतो, आणि झडप न सोडता उघडलेला शॉक माणसाला जायबंदी करू शकतो. स्प्रिंग काढतानाही चांगला कंप्रेसरच वापरा.

डायनो मिळत नसेल तर

शॉक गाडीतून काढा, स्प्रिंग बाजूला करा. उभा धरून दांडा पूर्ण दाबा आणि सोडा. गॅसचा शॉक आपोआप, एकसारख्या गतीने बाहेर यायला हवा. मध्ये थबकला, धक्का देऊन निघाला किंवा काही अंतर मोकळाच सरकला तर गडबड आहे. रिबाउंड पूर्ण बंद करून, मग पूर्ण उघडून बाहेर यायला लागणारा वेळ फोनवर मोजा. जोडीच्या शॉकशी ताडून बघा. हे प्रयोगशाळेचं मोजमाप नाही, पण बिघडलेला शॉक आणि न चालणारा नॉब यात पकडला जातो.

ट्विन-ट्यूब शॉक आडवा पडून राहिला असेल तर त्याच्या आतल्या नळीत हवा शिरते. बसवण्याआधी तो उभा धरून पूर्ण लांबीचे स्ट्रोक द्या, मोकळेपणा जाईपर्यंत. मोनोट्यूबमध्ये गॅस आणि तेल पिस्टनने वेगळे ठेवलेले असतात, तो आडवा-उलटा कसाही चालतो.

बॉनेट दाबून सोडायची आणि किती वेळा उसळते ते मोजायचं, ही तपासणी मेलेला शॉक ओळखण्यापुरती ठीक. तपासणी केंद्रांत चाकाखालची पाटी हलवून चाकाची पकड टक्क्यांत सांगणारं यंत्र असतं, तेही शॉक झिजलाय का हे बघायला बनवलेलं आहे आणि टायरच्या दाबानेसुद्धा त्याचा आकडा बदलतो. ट्यूनिंगला दोन्हींचा उपयोग नाही.

नॉबची दिशा आणि शून्य

मोजायचं कुठून हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. ओहलिन्सचे क्लिक पूर्ण बंद, म्हणजे कडक टोकाला शून्य धरून उघडत मोजतात. काही जण मऊ टोकापासून मोजतात. कोनीच्या काही लाल शॉकना बाहेर नॉबच नसतो, शॉक काढून पूर्ण दाबायचा आणि आतल्या खाचा जुळवून फिरवायचा. त्यामुळे वहीत नुसतं '८' लिहू नका, 'बंद पासून ८' असं लिहा. दुसऱ्या दिवशी तुमच्याच अक्षरातला तो आठ तुम्हालाच कळत नाही.

बंद करताना बोटाने हलकेच, सुई टेकल्याची जाणीव होईपर्यंत. पाना लावून आवळलं की सुईची बैठक चेपते आणि त्या शॉकचा शून्य कायमचा सरकतो. चारही शॉक आधी पूर्ण बंद करा, मग पूर्ण उघडा, एकूण क्लिक मोजा. एखाद्यात इतरांपेक्षा दोन कमी आले तर ते तिथेच टिपून ठेवा.

ट्रॅकवर

पहिलं काम गाडी चालवणाऱ्याला नॉबची ओळख करून देणं. मी सुरुवातीला सगळं मऊ टोकाकडे ठेवून काही फेऱ्या मारायला लावते, मग फक्त पुढचा किंवा फक्त मागचा रिबाउंड बराच कडक करून. वेग कमी, धोक्याच्या जागी सांभाळून. लॅप टाइम त्या वेळी बघायचाच नाही. एकदा मऊ आणि कडक ही दोन्ही टोकं अंगाला कळली की मधला फरक बोलून दाखवता येतो. एक-एक क्लिकने सुरुवात करणारा ड्रायव्हर दुपारपर्यंत "काहीतरी बरं वाटतंय" एवढंच सांगत राहतो.

टू-वे शॉक असेल तर मी बंपपासून सुरू करते. रिबाउंड मऊच. बंप थोडा थोडा वाढवत जायचा, दर वेळी टायर गरम झाल्यावर तीन फेऱ्या. आधी गाडी खडबडीत जागी डोलते, चाकं नाचतात. मग ती आवरली जाते. पुढे एका टप्प्यावर उंचवट्यांवर गाडी ताठ होते, टायर रस्त्यावरून सरपटतोय असं स्टिअरिंगमध्ये जाणवतं. तिथून दोन पावलं मागे. पुढचा आणि मागचा बंप हा टप्पा वेगवेगळ्या जागी गाठतील, ते साहजिक आहे.

मग रिबाउंड. तो वाढवला की गाडी कलायची घाई करत नाही, स्टिअरिंगला चटकन उत्तर देते, आणि इथेच लोकांना मोह होतो. रिबाउंड वाढवला की गाडी 'रेसिंग कारसारखी' वाटते. वाटते, पळतेच असं नाही. घड्याळ आणि टायर बघा.

एका वेळी एकच बदल. आणि बदल चांगला वाटला तरी परत जुन्या सेटिंगवर येऊन पुन्हा तपासा, म्हणजे जुनं, नवं, जुनं. दिवस चढतो, रस्ता तापतो, त्यावर रबर बसतं, इंधन कमी होतं, ड्रायव्हरचा हात बसतो, आणि या सगळ्याचं श्रेय नॉब घेऊन जातो. मी कधी कधी ड्रायव्हरला काय बदललं ते सांगत नाही. कधी तर काहीच न बदलता फक्त चाकाजवळ पाना घेऊन बसते. त्या फेरीनंतर तो काय बोलतो यावरून त्याच्या बाकीच्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते ठरतं.

'मागून सुटते' म्हणजे नक्की कधी

ड्रायव्हर पिटमध्ये येतो, खिडकीतून म्हणतो, "मागून सुटते." माझा प्रश्न ठरलेला: ब्रेक दाबलेला असताना, ब्रेक सोडत वळताना, की थ्रॉटल देताना? तिन्हींची उत्तरं वेगळ्या नॉबवर आहेत.

ब्रेकवर वजन पुढे जातं: पुढचे शॉक दाबले जातात, मागचे लांब होतात. त्या वेळी काम करतात ते पुढचा बंप आणि मागचा रिबाउंड. मागचा रिबाउंड फार कडक असेल तर चाक रस्त्यामागे खाली जाऊ शकत नाही, खडबडीत जागी हवेत राहतं, आणि गाडी ब्रेकवर शेपूट हलवते. तो दोन क्लिक मोकळा करा. पुढचा बंप फार मऊ असेल तर नाक धपकन खाली जातं. फार कडक असेल तर ब्रेकिंगच्या जागेतल्या लाटांवर पुढचे टायर उड्या मारतात आणि एबीएस वेळेआधीच जागं होतं.

स्टिअरिंग वळवतानाच्या पहिल्या क्षणी बाहेरचे दोन शॉक दाबले जातात, आतले दोन लांब होतात. ज्या टोकाचे शॉक कडक, त्या टोकाच्या टायरवर वजन लवकर पोहोचतं. पुढचा लो स्पीड बंप थोडा वाढवला तर गाडी वळायला तयार वाटते, पण टायरची ग्रिप कमी असेल तर तीच झटक्यासरशी आलेली वजनाची धडक त्याला सोडवते आणि गाडी पुढून सरळ जाते. म्हणून चिकट स्लिक टायरवर जमलेलं सेटिंग साध्या रस्त्याच्या टायरवर जमत नाही.

वळणातून बाहेर पडताना उलटं. थ्रॉटलवर मागचे दाबले जातात, पुढचे लांब होतात. मागचा बंप फार कडक असेल आणि गाडी मागच्या चाकांवर चालणारी असेल तर थ्रॉटल दिल्या दिल्या टायर फिरतात, मागून सुटते. मऊ केला की ती बसून पकड घेते. फारच मऊ केला तर मागून इतकी बसते की पुढचे टायर हलके होऊन गाडी बाहेर जाते. तिथे पुढचा रिबाउंड थोडा वाढवून नाक धरून ठेवता येतं, पण तोही अति झाला की आतलं पुढचं चाक रस्ता सोडतं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तेच चाक नेमकं फिरायला लागतं.

गाडी खाली बसत जाते तेव्हा

रिबाउंड अति झाल्याची एक खूण ड्रायव्हरला लवकर कळत नाही. एकामागून एक उंचवटे येतात. प्रत्येकावर शॉक दाबला जातो, पण पुढचा उंचवटा येईपर्यंत पूर्ण लांब होत नाही. प्रत्येक धक्क्याला गाडी थोडी थोडी खाली जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर येऊन आपटते. ड्रायव्हर सांगतो, "खूप कडक आहे, मऊ स्प्रिंग लावा." मऊ स्प्रिंग लावली तर अजूनच बिघडतं. रिबाउंड मोकळा करा.

हे पकडायला दांड्यावर एक झिप टाय बांधा, घट्ट पण सरकेल इतकी. गाडी उभी असताना ती सीलला टेकवून ठेवा. फेरीनंतर ती जिथे असेल तिथपर्यंत शॉक दाबला गेला होता. बंप स्टॉप कुठे सुरू होतो ते आधी मोजलेलं असलं की टेकला की नाही ते लगेच कळतं. रिबाउंड तीन क्लिक मोकळा करून तीच फेरी मारा, आणि झिप टाय सीलच्या जवळ थांबली तर निदान बरोबर होतं. एखाद्या कर्बच्या फटक्याने ती एकदाच लांब गेली असेल तर मात्र हा हिशेब फसतो. त्यासाठी कर्ब टाळून एक फेरी मारायला सांगते.

गाडीवर पोझिशन सेन्सर असतील तर काम सोपं होतं. सेकंदाला निदान २०० नोंदी घ्या, कर्बचे धक्के बघायचे तर ५००. त्यावरून दांड्याचा वेग काढून कोणत्या वेगाला किती वेळ गेला त्याचा स्तंभालेख करा. चारही कोपऱ्यांचे आलेख बंप आणि रिबाउंडच्या बाजूंनी साधारण सारख्या आकाराचे आले तर चांगली सुरुवात आहे. एखादाच कोपरा वेगळा दिसला तर मी नॉबच्या आधी त्या कोपऱ्याचं घर्षण आणि बुश तपासते.

तापमान, पाऊस, सर्व्हिस

सुरुवातीच्या फेऱ्यांत छान आणि नंतर सैल होत जाणारी गाडी बघितली की पिटमध्ये आल्या आल्या काळ्या पट्टीवर तापमान घ्या. चारपैकी एक शॉक बाकीच्यांपेक्षा बराच गरम असेल तर तो जास्त काम करतोय, किंवा ब्रेकची गरम हवा त्याच्यावर येतेय. थंड शॉकवर ठरवलेलं सेटिंग शेवटच्या फेऱ्यांना टिकत नाही, म्हणून अंतिम निर्णय गरम शॉकवरच घ्या.

पाऊस आला की मी चारही कोपऱ्यांचा बंप आणि रिबाउंड मऊ करते, आणि अँटी-रोल बारही. ओल्या रस्त्यावर टायर अचानक आलेलं वजन सोसत नाही, त्याला वजन हळूहळू मिळायला हवं. किती क्लिक, ते तुमच्या नॉबच्या तक्त्यावरून ठरवा: लो स्पीडचा जोर खरोखर कमी होईल इतके. मोकळ्या टोकाकडचे न चालणारे क्लिक फिरवून समाधान मानू नका.

ट्रॅकवरून घरी जायचं असेल तर निघायच्या आधी रस्त्याचं सेटिंग परत लावा, ते वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं असावं. आणि शॉकची सर्व्हिस झाली, तेल आणि सील बदलले, की जुना तक्ता रद्द. नवं तेल, नवा गॅस, कदाचित थोडी वेगळी शिम. पुन्हा डायनो, पुन्हा बंदपासून दोन-दोन क्लिक, आणि जुन्या पानावर आडवी रेघ मारून त्यावर सर्व्हिसची तारीख.